नव्वद दिवसांचं क्रेडिट

“मॅडम, तुम्ही प्रोड्युसर असता ना, तर तुम्हीपण असंच केलं असतं.”

अकाउंट्समधला पोरगा हे इतकं सहज बोलला की मला लागलंय हे मला जिना उतरेपर्यंत कळलं नाही. चिडला नव्हता तो, टोमणाही नव्हता. जेवायची वेळ होती, कीबोर्ड बाजूला सारून त्याने डबा उघडला होता, आणि पोळीचा तुकडा भेंडीवर दाबत दाबत दुसऱ्या हाताने तो एक्सेल शीट वरखाली करत माझं नाव शोधत होता. २०२५ च्या पावसाळ्यातली गोष्ट. फेब्रुवारीत टेलिकास्ट झालेल्या २२ एपिसोडच्या डायलॉगचे पैसे जुलै अर्धा संपला तरी आले नव्हते. करारात लिहिलंय टेलिकास्टनंतर ९० दिवस, आणि ते ९० दिवस या धंद्यात सगळेच गृहीत धरतात, किराणावाल्याला मात्र सांगता येत नाही की माझं टेलिकास्टनंतर असतं. फोन उचलत नाहीत, मेलला ‘नोटेड’ असं उत्तर येतं, म्हणून शेवटी डोंबिवलीहून वरळीला प्रत्यक्ष जाऊन उभी राहिले. खाली वॉचमनने रजिस्टर पुढे केलं, नाव मी लिहिलं, फोन नंबर मी लिहिला, आणि ‘कशासाठी’ या रकान्यात मी काही लिहायच्या आत त्यानेच पेन घेऊन ‘पेमेंट’ लिहून टाकलं. म्हणजे रोजचे असणार.

पोरगा पुढे म्हणाला की चॅनलकडून आमचंच आलेलं नाही मॅडम, आमच्या सरांनी तरी कुठून द्यायचं. आणि मग ते वाक्य.

बाहेर पाऊस. रिक्षा वरळीत नसतात आणि टॅक्सीवाले मान हलवतात, म्हणून मेट्रो पकडली. ती लाईन मेमध्येच वरळीपर्यंत आली होती, तेव्हा इथेच संपायची, त्यामुळे गाडी रिकामी मिळायची. स्टेशनचं नाव आचार्य अत्रे चौक. खाली उतरताना दोन कॉलेजच्या मुली माझ्या पुढे होत्या, एकीने पाटी वाचून विचारलं, अत्रे म्हणजे ते विनोदी नाटकवाले ना? दुसरी म्हणाली नाही गं, ते संयुक्त महाराष्ट्रवाले, पेपर होता त्यांचा. दोघींचं बरोबर. याच वरळीत ‘शिवशक्ती’मधून ‘मराठा’ निघायचा आणि तिथून त्यांनी भल्याभल्यांची झोप उडवली. कोणी कवी म्हणेल, कोणी वक्ता, कोणी हेडमास्तर, कोणी आमदार. पण मला त्या सरकत्या जिन्यावर उभ्याउभ्या, पर्समध्ये न मिळालेला चेक घेऊन (म्हणजे न घेऊन), वेगळंच आठवलं, की हा माणूस सिनेमाचा लेखक होता आणि मग सिनेमाचा प्रोड्युसर झाला. पोरगं म्हणालं ते करून बघितलेला माणूस. जमिनीखाली माझ्या फोनला रेंज नव्हती, त्यामुळे पुढची वीसेक मिनिटं मला दुसरं काही करण्यासारखंही नव्हतं.

मराठीत ‘निर्माता’ हा शब्द मला लहानपणापासून चकवतो. निर्माण करतो तो निर्माता, म्हणजे खरं तर देवाच्या जवळपासचा शब्द. पण सिनेमात ज्याचे पैसे तो निर्माता, आणि ज्याने कोऱ्या कागदावर माणसं उभी केली त्याचं नाव पाचव्या पाटीवर, तेही चहा आणायला उठायच्या वेळी. आमच्या सिरियलमध्ये तर ती पाटी आता येतच नाही, टायटल साँगच कापतात. माझ्या सासूबाई अजून अधूनमधून विचारतात, तुझं नाव दिसलं नाही गं काल. मी सांगते, धावलं आई, जोरात धावलं.

अत्रे सिनेमात आले ते लेखक म्हणूनच, आणि आले तेव्हा नाटकात नाव कमावून आले होते. कोल्हापूरची हंस पिक्चर्स, मास्टर विनायक, बाबुराव पेंढारकर, पांडुरंग नाईक ही मंडळी. त्याच कंपनीला वि. स. खांडेकरही लिहून द्यायचे, म्हणजे एका दाराने खांडेकर जातायत आणि दुसऱ्याने अत्रे येतायत, मला त्या ऑफिसातला शिपाई व्हायला आवडलं असतं. १९३७ चा ‘धर्मवीर’, ३८ चा ‘ब्रह्मचारी’, ३९ चा ‘ब्रँडीची बाटली’. हे एकामागून एक बघितले की एक गोष्ट लक्षात येते, निदान मला धंद्यातली बाई म्हणून आली. आमच्याकडे ‘वन लाइन’ म्हणतात, चॅनलच्या मीटिंगमध्ये गोष्ट एका ओळीत सांगायची, नाही सांगता आली तर उठायचं. अत्र्यांच्या वन लाइनी बघा. एक तरुण भाषण ऐकून ब्रह्मचर्याची शपथ घेतो आणि तेवढ्यात एक मुलगी येते. किंवा, म्युनिसिपालटीतल्या भोळ्या कारकुनाला प्रेमाखातर ब्रँडीची बाटली शोधायचीय आणि ब्रँडी म्हणजे काय हेच त्याला माहीत नाही. बस. एक शब्द हिरोच्या हातात द्यायचा आणि सगळं जग त्या शब्दाला लोंबकळवायचं. तो कारकून, दामुअण्णा मालवणकरांचा बगाराम, मला नेहमी वाटतं की तो अत्र्यांना पुण्याच्या नगरपालिकेत भेटला असणार, तिथे त्यांनी सभासद म्हणून बरीच बाकं आणि बऱ्याच फायली जवळून पाहिल्या होत्या.

‘ब्रह्मचारी’ मी बाबांबरोबर बघितला, यूट्यूबवर, घासलेली प्रिंट, आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. बाबा तेव्हा पंचाहत्तरीला आलेले, शिक्षक म्हणून रिटायर झालेले, घरात विनोदावर सहसा न हसणारे. शपथ घेतलेला हिरो औदुंबर भिंतीवरच्या नट्यांचे फोटो काढून टाकतो तिथे ते खुर्चीत हलायला लागले. मग मीनाक्षी शिरोडकर पोहायच्या पोशाखात येते आणि ‘यमुनाजळी खेळू खेळ’ सुरू होतं, गाणंही अत्र्यांचंच, आणि बाबांनी मान खिडकीकडे वळवली. १९३८ च्या सिनेमातलं गाणं, ऐंशीच्या वर वर्षं झालेली, आणि मुलीसमोर बघायचं कसं म्हणून माझे वडील खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी बघतायत. मी काही बोलले नाही. पण पाय ताल धरत होता त्यांचा.

तर हे सगळं दुसऱ्यांच्या पैशांवर. मग १९४१ साली अत्र्यांनी स्वतःची कंपनी काढली आणि नावच ठेवलं अत्रे पिक्चर्स. पहिला सिनेमा ‘पायाची दासी’, दिग्दर्शक गजानन जागीरदार, आणि विषय काय, तर सासूने छळलेली सून. दुर्गा खोटे सासू, वनमाला सून. हे मला कळलं तेव्हा मी एकटीच मोठ्याने हसले होते. मी गेली अकरा वर्षं सासू आणि सून यांची भांडणं लिहून ईएमआय भरते, लोकांना सांगताना जरा आवाज खाली जातो माझा, आणि इकडे ‘झेंडूची फुले’ लिहिणारा, मराठीतल्या सगळ्या कवींची भंबेरी उडवणारा माणूस पहिल्यांदा स्वतःचा पैसा लावतो तेव्हा सासू-सून काढतो! शिवाय मराठीबरोबर हिंदीतही, ‘चरणों की दासी’. बाजार कळत होता त्यांना. किंवा असं असेल की पैसा स्वतःचा असला की लेखकसुद्धा आधी तिकीट काढणाऱ्या बाईचं तोंड डोळ्यासमोर आणतो. मला हे वाईट वाटत नाही. पण चांगलंही वाटत नाही, नेमकं काय वाटतं ते मेट्रो सांताक्रूझला पोचेपर्यंत ठरलं नव्हतं.

मग ‘श्यामची आई’.

आमचं घर सासवडचं. अत्रे कोडीतचे, म्हणजे शेजारचेच, त्यामुळे आमच्याकडे त्यांच्याबद्दल फार आदराने कोणी बोलत नसे, गावातल्या हुशार आणि वांड पोराबद्दल बोलतात तसं बोलत. साने गुरुजींची जयंती २४ डिसेंबरला, आणि आमच्या शाळेत एका वर्षी त्या दिवशी पटांगणात पडदा लावून हा सिनेमा दाखवला. पुरंदरची डिसेंबरची थंडी, कानटोप्या, खाली सतरंजी आणि सतरंजीखालून वर येणारा मातीचा गार ओलावा. मशीनवाला पुण्याहून आला होता, त्याच्या मशीनचा फटफट आवाज डायलॉगपेक्षा मोठा. श्याम पोहायला घाबरतो, लपून बसतो, आई शिमटी घेऊन त्याला हाकलत विहिरीवर पाठवते, तिथे नेमकी रीळ तुटली. पडदा पांढरा. तीनशे पोरं अंधारात, कोणी शिट्टी मारली नाही. मशीनवाला बॅटरी तोंडात धरून रीळ चिकटवत होता तेवढा वेळ माझ्या शेजारची मुलगी हुंदके देत होती, आणि आजी, जी बायकांच्या बाजूला खुर्चीवर बसली होती, ती मोठ्याने म्हणाली, “मेला रडवायला बसलाय नुसता.” म्हणजे अत्रे. साने गुरुजींना मेला म्हणायची तिची छाती नव्हती. आणि डोळे पुसत म्हणाली.

आजीच्या त्या वाक्यात समीक्षा होती हे मला पुढे स्वतः लिहायला लागल्यावर कळलं. रडवायला ‘बसावं’ लागतं. पुस्तकातला श्याम रात्रीमागून रात्री मुलांना आठवणी सांगतो, ते वाचताना चालतं, पण पडद्यावर आठवणीमागून आठवण लावली की तिसऱ्या आठवणीला लोक पाय मोकळे करायला उठतात. एका आठवणीतला राग पुढच्या आठवणीत फेडला गेला पाहिजे. पोहायला पाठवणारी, मारणारी तीच आई, आणि पाठीवरचे वळ बघून रडणारीही तीच. मध्ये ‘भरजरी गं पितांबर दिला फाडून’, हेही अत्र्यांनीच लिहिलेलं, द्रौपदी कृष्णाच्या बोटासाठी शेला फाडते ती गोष्ट, आशाताईंचा आवाज, वसंत देसाईंची चाल. गाणं येऊन बसतं तिथे गोष्ट थांबत नाही. आमच्या सिरियलमध्ये मंगळागौर आली की चार एपिसोड गोष्ट थांबते, ते मी लिहिते, मला माहितीये थांबणं कसं दिसतं.

आणि हा सिनेमा अत्र्यांनी निर्माता म्हणून काढला १९५३ साली, दिग्दर्शनही स्वतःच. गुरुजी ५० च्या जूनमध्येच गेले, त्यांनी तो बघितला नाही. मी कधीकधी कल्पना करते की हा वन लाइन घेऊन मीच मीटिंगला गेलेय. कोकणातलं गरीब होत चाललेलं घर, आई आणि मुलगा, शेवटी आई जाते. समोरची क्रिएटिव्ह मुलगी, गोड असते ती, वाईट नसते, लॅपटॉपवरून मान वर करून विचारणार, मॅम, लव्ह ट्रॅक कोणाचा? अत्र्यांना हे विचारायला समोर कोणी नव्हतंच, कारण समोरच्या खुर्चीतही तेच होते. स्वतःचा पैसा असला की सासू-सूनही काढता येते आणि श्यामची आईही. पोरगं म्हणालं त्यात हा दुसरा भाग नव्हता. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर ५४ मध्ये, सरकारने देशात पहिल्यांदा सिनेमाची बक्षिसं दिली, आणि सगळ्या भाषांतून सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक याला मिळालं. ‘दो बीघा ज़मीन’ही त्याच वर्षीचा, त्याला प्रशस्तिपत्रक. त्यानंतर मराठी सिनेमाला हे पहिलं बक्षीस परत मिळायला ‘श्वास’ यावा लागला, म्हणजे मध्ये अख्खी ५० वर्षं.

माणसाने इथे थांबून पदकाच्या जोरावर दोन विनोदी सिनेमे काढून गल्ला भरला असता. यांनी ‘महात्मा फुले’ काढला. नगरपालिकेत असताना पुण्याच्या मंडईला फुल्यांचं नाव देण्यात ज्यांचा पुढाकार, त्यांनी हा सिनेमा काढावा हे तसं ओघाने आलं, पण १९५४ साली जोतीरावांवर सिनेमा बघायला कोण तिकीट काढणार होतं? मुहूर्ताला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले. सिनेमात खुद्द गाडगेबाबा दिसतात, त्यांचा चालता-बोलता आवाज पडद्यावर आहे, नुसत्या एवढ्यासाठी मला हा सिनेमा कोणीतरी नीट धुऊनपुसून थिएटरात लावावा असं वाटतं. बाबुराव पेंढारकर जोतीराव, सुलोचनाबाई सावित्रीबाई. यालाही मराठीतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं रौप्यपदक मिळालं. पदकं मिळाली पण गर्दी ‘श्यामची आई’ची झाली नाही. दोन वर्षांनी ‘मराठा’ सुरू झाला, महाराष्ट्र पेटला, आणि सिनेमावाले अत्रे मागे पडले ते इतके की त्यांच्या नावाच्या स्टेशनात दोन शहाण्या मुलींना ते आठवू नयेत. त्या मुलींचा दोष नाही. स्टेशन सुरू झालं त्याच महिन्यात श्याम झालेले माधव वझे गेले, मोठे रंगकर्मी आणि जाणकार समीक्षक, आणि प्रत्येक बातमीत पहिल्या ओळीत ‘श्यामची आईमधला श्याम’ असंच होतं. आठवण कोणाची आणि कशी ठेवायची हे लोक आपल्याला विचारून ठरवत नाहीत.

घरी आले, ओली छत्री बाथरूममध्ये उघडी ठेवली, आणि ते वाक्य परत आलं. तुम्हीपण असंच केलं असतं.

कारण मी केलंय.

हे मी इथे लिहिणार नव्हते. २०१६ साली मी एक शॉर्टफिल्म काढली होती, बावीस मिनिटांची, सासवडलाच, मावशीच्या पडक्या वाड्यात, चार दिवसांचं शूट. माझी एफडी मोडून १ लाख ८० हजार. पाटीवर पहिलं नाव माझं, निर्माती, मग परत लेखिका म्हणूनही माझं, मला ती पाटी इतकी आवडली होती की एडिटच्या वेळी मी ती अर्धा सेकंद वाढवून घेतली. चार दिवस मावशीने मटारची उसळ आणि भाकरी करून घातली सगळ्यांना, डिसेंबर होता, मटार स्वस्त होता. कॅमेऱ्याचं भाडं पहिल्या दिवशी द्यावं लागलं, ते दिलं. लाइटवाले रोखीशिवाय टेम्पोतून सामान उतरवत नाहीत, त्यांना दिलं. राहिला मेकअप दादा. साधा माणूस, स्वारगेटहून पहाटेची एसटी पकडून यायचा, हातात पत्र्याची पेटी, थंडीने स्पंज कडक व्हायचा तर तो तोंडासमोर धरून फुंकायचा. सगळ्यात कमी बोलणारा, म्हणून सगळ्यात शेवटी. एडिट झालं की देते दादा. मग डबिंग आलं. मग फेस्टिव्हलच्या एंट्री फी भरल्या, त्या डॉलरमध्ये असतात, त्या वेळेवर भरल्या बरं का मी. ३,५०० राहिले होते त्याचे. त्याने दोनदा फोन केला, तिसऱ्यांदा केला नाही, आणि खरं सांगायचं तर तिसरा फोन आला नाही म्हणून मला हलकं वाटलं होतं.

मी काय कारण सांगितलं होतं त्याला आठवतंय मला. की दादा, माझेच एका सिरियलचे अडकलेत.

नंबर फोनमध्ये ‘मेकअप सासवड’ असा सेव्ह होता. रात्री साडेनऊला मेसेज टाकला, कोण आहे ते लिहिलं, वाड्याचं लिहिलं, उशीर झाला माफ करा, तुमचे ३,५०० पाठवायचेत, याच नंबरवर पाठवू का. डीपीमध्ये एक लहान मुलगी फेट्यात उभी होती, नात असेल, किंवा नंबरच दुसऱ्या कोणाचा झाला असेल. कुकर लावला, उद्याचे दोन सीन फ्लोअरला पाठवायचे होते ते उघडून बसले. सून सासूला सांगते की आई, माझ्यावर विश्वास ठेवा, हे वाक्य मी या महिन्यात चौथ्यांदा लिहीत होते. अकराच्या सुमारास फोन वाजला.

“हो ताई ओळखलं. मावशी कशा आहेत. पाच होते.”